खारवटीची साक्ष

‘‘मावशे, तूच ना गो ती? तेव्हा मी नऊ वर्सांची होतंय. बंधारो व्हतलो म्हणालस. खंय तो?’’

सप्तसिंधू विकास बँकेच्या श्रवणकक्षात कर्ज-अधिकारी हेमांगी वर्तकच्या हातातलं पेन थांबलं. सत्तर वर्षांनंतरच्या खारवटी गावातून शेवंती बोलत होती. आता ती बारा वर्षांची होती. मागच्या वेळी भरतीचं पाणी उंबऱ्याशी होतं. आता चुलीपर्यंत आलं होतं.

‘‘या वेळी नक्की बांधू,’’ हेमांगी म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

भविष्यश्रवण यंत्र बनवणारे डॉ. मुकादम शेजारीच बसले होते. हवामान प्रकल्पाला कर्ज देण्याआधी त्याच्या भावी लाभार्थ्यांना विचारायचं, असा बँकेचा नियम होता. एकदा मंजुरीपूर्वी, एकदा पहिल्या हप्त्यापूर्वी. बँकेला कागद पूर्ण लागतात. माणसं अपुरी असली तरी चालतात.

‘‘मंजुरी दिली की ही मुलगी मागच्या वेळेसारखीच ऐकू येणार नाही? असं का होतं?’’ तिनं यंत्र बंद झाल्यावर विचारलं.

‘‘नाही. कागदावर जो निर्णय असेल, तो धरून यंत्र पुढचं जग ऐकतं. बंधारा झाला की कोण गावात राहील, कोणाचं लग्न कोणाशी होईल, सगळंच बदलतं. मग जन्मतात ती माणसं वेगळी.’’

‘‘म्हणजे ती स्वतःलाच पुसून टाका म्हणतेय.’’

‘‘तिला ते ठाऊक नाही, मॅडम.’’

हेमांगीनं मंजुरीवर सही केली.

महिन्याभरानं दुसरी सुनावणी झाली. बंधारा झालेल्या खारवटीतून एका गृहस्थाचा खणखणीत, सुखी आवाज आला. ‘‘पाणी? आमच्याकडे पाणी कधी इलाच नाय. बंधाऱ्यार पैसे घालण्यापेक्षा जेटी दुरुस्त करा.’’

मागच्या खेपेलाही हेच झालं होतं.

‘‘अहो, पाणी आलं नाही ते बंधाऱ्यामुळेच!’’ हेमांगी तडकली.

‘‘मला पटतं,’’ मुकादम खाली मान घालून म्हणाले. ‘‘पण अर्जात लाभार्थ्याला गरज आहे का, एवढंच विचारलंय.’’

तिला खोटं लिहिता आलं असतं. रकान्यात एकच शब्द बदलायचा होता. पण वीस वर्षांच्या नोकरीत तिनं साक्षीत काना-मात्रा बदलली नव्हती, आणि त्याचा तिला अभिमान होता. तिनं खरं तेच लिहिलं. कर्ज रद्द झालं आणि शेवंतीचं जग जसंच्या तसं परत आलं.

पुढचा अर्ज पुढे सरकायला तीन वर्षं लागली. या वेळी हेमांगी ठरवूनच आली होती: दुसऱ्या सुनावणीत खोटं लिहायचं. नोकरी गेली तर जाऊ दे. शेवंती आता पंधरा वर्षांची झाली असेल. एकदा तिची माफी मागायची आणि मग तिला जाऊ द्यायचं.

यंत्र सुरू झालं. पाण्याचा संथ, भरलेला आवाज येत राहिला.

‘‘शेवंती?’’

मुकादमांनी खटके पुन्हा तपासले. ‘‘यंत्र ठीक आहे,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘शेवंती, बाळ, मी मावशी.’’

तासभर ती हाका मारत राहिली. मग ‘तासाभरात साक्ष न आल्यास नोंदीतली शेवटची साक्ष धरावी’ या नियमानुसार पडद्यावर अर्ज आपोआप भरला गेला आणि मंजुरीचा रकाना कायमचा मिटला. साक्षीच्या जागी एकच ओळ उमटली. त्या सुखी गृहस्थाच्या साक्षीखाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली, शब्दन्‌शब्द तीच:

‘लाभार्थ्यांची पाण्याबद्दल कोणतीही तक्रार नाही.’