धक्क्याआधीची शांतता

भयपटाचा ट्रेलर कापणं हे अंडं उकडण्याइतकं कठीण काम आहे. गेली कित्येक वर्षं मी ते करतो आहे आणि आजवर एकाही प्रेक्षकाने मला चकित केलेलं नाही. खालून एक जाडसर घुमणारा आवाज सोडायचा, कानापेक्षा पोटात जाणवणारा. चित्राची एक बाजू काळी ठेवायची. तिथे काहीच नसतं, प्रेक्षक पदरचं काहीतरी आणून ठेवतो. शॉट आखूड करत न्यायचे. मग कुणाचा तरी श्वास, आणि एकदम सगळं बंद. माणूस खुर्चीच्या कडेला आला की धाडकन! तिकीट खपलं.

या वेळचा सिनेमा नेहमीसारखाच भिकार होता. नायिकेचा श्वास सायकलच्या पंपासारखा, म्हणून मी ताईचा घेतला. ताई, माझी थोरली बहीण, माझ्याकडेच राहते. तिला दमा आहे. बाजारातून जिना चढून ती दारात टेकली, तेव्हा मी माईक पुढे धरला.

"माझ्या दम्याला नोकरी लागली म्हणायची," ती धापा टाकत म्हणाली. "बघ, तुझ्याआधी बढती मिळेल त्याला."

मागच्या खोलीत बसून मी तो श्वास जोडला आणि चालवून पाहिला. ताई स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर बोलत होती. "आणि वर मलाच सांगते, की..." ती थांबली. पडद्यावर शांतता होती. धाडकन झालं.

"...तुमचंच चुकलं," ताई म्हणाली.

योगायोग. मी पुन्हा चालवलं. मावशी पुन्हा अर्ध्या वाक्यावर ताटकळली. मग मी हेडफोन लावले, म्हणजे ताईला काही ऐकूच जाऊ नये, आणि दारातून तिच्याकडे पाहत चालवलं. श्वास तुटला तसे तिचे खांदे वर आले आणि तिथेच राहिले. धक्क्याबरोबर उतरले.

माझ्या धंद्यातल्या माणसाने असल्या गोष्टी मनावर घेणं म्हणजे जादूगाराने स्वतःच्याच टोपीतल्या सशाला घाबरणं. मी चहा प्यायलो.

निर्माते आले. एक डोळा मोबाईलवर ठेवून त्यांनी ट्रेलर पाहिला.

"शांतता ताणा जरा."

"लोक कंटाळतील."

"लोकांना अक्कल असती तर आपण दोघं उपाशी मेलो असतो. ताणा हो."

इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मला पटलं. मी शांतता दुप्पट केली, एकदा चालवून दाखवली, आणि ते प्रत घेऊन गेले.

स्वयंपाकघरात ताई ओटा धरून उभी होती. ओठ निळसर.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. मध्येच कुणीतरी धरून ठेवतं. मग सोडतं." ती हसली. "साहेब झाला वाटतं आमचा दमा."

मी लगोलग माझा श्वास घालून नवी प्रत पाठवली. दोन दिवसांनी निर्मात्यांचा फोन आला. "ही कुठली म्हैस आणलीत? जुनाच सोडलाय मी. लोक वेडे झालेत."

झालेच होते. आमच्या इमारतीत कुणीही ट्रेलर लावला की ताई थांबायची. कपबशी विसळताना. शब्दाच्या मध्यावर. मी शेजाऱ्यांना दारोदार जाऊन सांगितलं, की तो पाहू नका. त्यामुळे ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही पाहिला.

तरी मी स्वतःला समजावत होतो. शांततेनंतर धक्का येतोच. नियमच आहे, माझाच.

शेवटी ताईला काही दिवस मावशीकडे पाठवायचं ठरलं. आज सकाळी ती बॅग भरत होती.

"माझी ती शाल कुठे..."

भिंतीपलीकडे तो घुमणारा आवाज सुरू झालेला होता. मग पलीकडून ताईचा श्वास ऐकू आला. मग काहीच नाही.

ताईचे खांदे वर आले.

मी वाट पाहिली.

पलीकडे शेजाऱ्याने जांभई दिली. "छे, किती ताणतात!"

आणि त्याने ट्रेलर मध्येच बंद करून गाणं लावलं.

ताई माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीवर मूठ आपटली. पुन्हा आपटली.

"हो हो, करतो कमी," शेजारी ओरडला.

गाणं बारीक होत गेलं. खोलीत आता अगदी हवी तशी शांतता होती.