न चालणाऱ्या पाच गाड्या

"मी मोडल्या नाहीत! नाही म्हणजे नाही!" पक्कडने पायरीवर पाय आपटला.

"आमच्यावर का डाफरतेस?" ढापण्या म्हणाला. "आम्ही कुठे तुझं नाव घेतलं?"

सुट्टीचा चौथा दिवस. पक्कड, ढापण्या आणि बडबडी, तिघं शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर बसली होती. पक्कड ही गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी. सायकलपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडून पुन्हा बसवायची, म्हणून हे नाव. विज्ञानाच्या बाईंनी दोन वर्षं उंबरठे झिजवून शाळेत तंत्रज्ञानाचे वर्ग सुरू केले होते. भिंत आली की आपोआप थांबणाऱ्या पाच छोट्या गाड्या मुलांनी स्वतः जोडल्या होत्या. आणि तपासणीच्या दिवशी पाचही ढिम्म! आदल्या दिवशी त्यांना शेवटचा हात पक्कडचा लागलेला. झालं! मुख्याध्यापकांनी तिच्या बाबांना बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. कधी कुणापुढे मान न झुकवलेले बाबा हात जोडून "चूक झाली" म्हणाले. तेव्हापासून पक्कडला रात्री जेवण जात नव्हतं, इतकी ती संतापली होती. आणि आज तर वर्गच बंद व्हायचे होते. सगळं सामान पेट्यांत भरून दुसऱ्या शाळेला जाणार होतं.

"पाचही एकदम कशा बिघडतील?" बडबडी म्हणाली. "त्यांना काय साथ आली होती?"

"हेच मी घसा फोडून सांगतेय! ऐकतंय कोण?"

तेवढ्यात पर्यवेक्षक सर किल्ल्या खुळखुळवत आले. वस्तू जपावी ती सरांनीच! त्यांच्या खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"सर, पेट्या भरायला मदत करू?" बडबडीने साळसूद चेहरा केला.

"आधी हात धुवा! आणि हिने कशालाही हात लावायचा नाही!"

पक्कड दात-ओठ खात दारातच थांबली. पण बघायला तर बंदी नव्हती. प्रत्येक गाडीच्या पुढचे दोन गोल डोळे चकाकत होते. जरा जास्तच!

"सर, त्यावर काय लावलंय?"

"पारदर्शक टेप," सर ऐटीत म्हणाले. "तपासणीच्या आदल्या संध्याकाळी लावली मी. धूळ नको बसायला. तुम्हा पोरांना जपणं कुठलं माहीत!"

पक्कडने दोघांना बाहेर ओढलं. "एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सुटतो, भिंतीवर आपटतो आणि दुसऱ्या डोळ्यात परत येतो. तो टेपवरच आपटला तर?"

"तर गाडीला वाटणार, भिंत नाकाशीच आहे!" ढापण्या ओरडला. "चल, सांगू सरांना!"

"ते कबूल करतील? त्यांच्याच हातून सिद्ध करवून घेऊ. तू बाईंना आणि मुख्याध्यापकांना आण. बडबडे, एका गाडीची टेप हळूच काढ."

मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालूनच आले. बडबडीने बटण दाबलं. गाडी टेबलावरून सुर्रकन धावली आणि भिंतीपाशी आपोआप थांबली!

"अरे, ही तर चालते!"

"टेप कुणी काढली? धूळ जाईल ना!" पर्यवेक्षक सरांनी धावत जाऊन दोन्ही डोळ्यांवर टेप चिकटवली.

"आता तुम्हीच चालवा, सर," पक्कड म्हणाली.

सरांनी गाडी टेबलाच्या मधोमध ठेवून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गाडी हलेल तर शपथ!

"आता टेप काढा."

सरांनी टेप सोलली. गाडी धावली. सरांचा चेहरा पार उतरला.

"दोन वर्षांची मेहनत!" बाई पर्यवेक्षक सरांकडे वळल्या. "आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत!"

मुख्याध्यापक खाकरले. "वर्ग चालूच राहतील. शाब्बास, पोरी! उद्या बाबांना घेऊन ये, त्यांच्यासमोर तुझं कौतुक करतो."

"बाबा येणार नाहीत," पक्कड म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. "एकदा बोलावलंत तेवढं पुरे. आता तुम्ही आणि पर्यवेक्षक सर, दोघं चला. गॅरेज चौकातच आहे."

"अगं, काय बोलतेस?" पर्यवेक्षक सर दचकले. पण बाईंनी चपला घातल्यासुद्धा!

गॅरेजमध्ये तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मुख्याध्यापकांनी हात जोडले. "मिस्त्री, तुमच्या मुलीची काही चूक नव्हती. चुकलो आम्ही."

"टेप मी लावली होती," पर्यवेक्षक सर पुटपुटले.

"मोठ्याने, सर!" पक्कड म्हणाली.

सरांनी मोठ्याने सांगितलं. बाबांनी फडक्याला हात पुसले, लेकीला जवळ घेतलं आणि गिऱ्हाइकांकडे ताठ मानेने पाहत म्हणाले, "ही माझी मुलगी."