डाव्या कोपराशी

वॉकर खाटेशेजारी उभा आहे म्हणजे माणूस तो वापरतो, असं फिजिओ कधी धरून चालायची नाही. वृद्धाश्रमात सगळे तिला फिजिओ अशीच हाक मारत. कुणाचा वॉकर टॉवेल वाळत घालायला असे, कुणाचा पिशवी अडकवायला, आणि कागदावर मात्र बिनधास्त लिहिलेलं असे, 'वॉकर वापरतात.' ती प्रत्येकाला उठवून, चालवून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच लिहायची. वॉकर घेऊन एकट्याने चालतात, की कुणी धरावं लागतं? त्या एका ओळीवर माणसाचं पुढचं पुष्कळ काही ठरायचं.

टेलिफोनवाल्या आजींचं तर घरच त्या ओळीवर अडलं होतं. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेला, बोलणं अजून चोख. खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना इथे आणलं, कारण त्याच्याकडे दिवसा घरी कुणी नसे. "एकटी चालायला लागलीस की लगेच नेतो," असं तो म्हणाला होता. आजी तेवढ्यावर दिवस ढकलत होत्या.

दुपारी जेवणं उरकल्यावर फिजिओने त्यांना कॉरिडॉरमध्ये उभं केलं. फरशी कोरडी, खिडक्यांतून ऊन आत आलेलं, फिनेलचा वास. आजी निघाल्या. पावलं छान पडत होती, पण वॉकर फक्त उजव्या हातात होता. डावा हात कोपरात वाकून अंगापासून दूर, अधांतरी, आणि सगळं अंग त्या बाजूला कललेलं. इतकं कललेलं माणूस पडतं. फिजिओचे हात आपसूक पुढे झाले.

आजी पडल्या नाहीत.

ती जवळ गेली. आजींच्या स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर दबली होती, लोकरीत बोटं रुतावीत तशी.

"आजी, दोन्ही हातांनी धरा ना वॉकर."

"कसा धरू? हिनं धरलंय ना मला."

"कुणी?"

काय खुळी पोर आहे, अशा नजरेने आजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यातलीच कुणीतरी. बोलत नाही काही. हात मात्र गारठलेला असतो मेलीचा."

फिजिओ त्यांच्या डाव्या बाजूला जायला वळली. भिंत चांगली हातभर लांब होती. तरी तिथे उभं राहायला जागा नव्हती.

खोल्या सांभाळणाऱ्या मावशींना तिने विचारलं. चादरीची घडी घालत त्या म्हणाल्या, "आम्ही धरायला गेलो की नको म्हणतात. 'आहे की ही,' म्हणतात. वय झालंय, ताई. आपण कशाला खोलात शिरायचं?" बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी मुलगा आला. "मॅडम, काय ठरलं? नेऊ ना?"

"दारापर्यंत चालवून बघू," फिजिओ म्हणाली.

आजी तशाच कलत्या अंगाने चालल्या. मुलाचा चेहरा खुलला. मुख्य दाराचा उंबरा आला. वॉकर बाहेर गेला, उजवं पाऊल बाहेर पडलं, आणि बाहीवरच्या खळ्या एकाएकी भरून आल्या. आजी कोलमडल्या. फिजिओने त्यांना कसंबसं सावरलं.

"सोडलं तिनं," आजी पुटपुटल्या. ओठ पांढरे पडले होते. "बाहेर नाही येत ती. आता गं माझं कसं?"

फिजिओने लिहिलं, 'वॉकरसह, एका व्यक्तीच्या आधाराने.' लिहिताना आजींकडे बघायचं तिने टाळलं. मुलाने ते वाचलं.

"एक व्यक्ती म्हणजे मी चालेन ना? रजा काढतो. शिकवा मला."

तिने शिकवलं. अर्धं पाऊल मागे राहायचं, तळवा कोपराखाली ठेवायचा, ओढायचं नाही. "हळू रे," आजी ओरडल्या, "हात आहे तो, गिअर नाही." हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि तशाच त्या गाडीत बसल्या.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "मॅडम, आई पहिल्या दिवसापासून एकटी चालतेय! धरायला गेलो तर रागावते. दोन्ही हात वॉकरवर, अगदी ताठ. जरासुद्धा कलत नाही."

फिजिओ फोन ठेवून बसून राहिली. आधारावर रेललेलं माणूस कलतं. ओढलेलंही कलतंच. आणि ओढणाऱ्याने अचानक हात सोडला, तर तेही कोलमडतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती तिला दिसली नव्हती.

आजींच्या खोलीत आता नवे गृहस्थ आले होते. निवृत्त बस ड्रायव्हर, अंगाने धडधाकट. घर खायला उठतं म्हणून आपण होऊन आलेले. त्यांना तपासायचं राहिलं होतं. वॉकरचा तर प्रश्नच नव्हता.

ती गेली तेव्हा ते खाटेच्या कडेला बसले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"काका, जरा उठून दाखवता?"

"सकाळपासून तेच करतोय."

त्यांनी डावीकडे एकदा पाहिलं. मग परक्या बाईसमोर बोलावं तसं, आवाज खाली आणून, अदबीने म्हणाले,

"तुम्ही सांगून बघा हिला. उठू देत नाही."