आईच्या रानातला लाल रंग

लाल रंग पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

आईच्या रानातल्या जुन्या झाडांवर, छातीच्या उंचीवर, ठळक आकडे... बारा, तेरा, चौदा! आमच्या इझाबेल बेटावर या रंगाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ओढ्यापलीकडे आधी असाच रंग आला, मग बुलडोझर आला. अजून तो ओढा गढूळच वाहतो. आमच्यात जमीन आईकडून लेकीकडे येते. पण लाकूड कंपनीने तेव्हा सही घेतली ती एडमंडमामाची. आईला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही!

मी कोयता काढला आणि आकडे खरवडत सुटले. वीस-पंचवीस झाडं झाली असतील.

"अगं अगं, थांब! दोन आठवड्यांची मेहनत आहे माझी!"

एक तरुण धावत आला. हातात रंगाचा डबा, गळ्यात मोजपट्टी, गालावर लाल ठिपका — आणि डोळे असे हसरे, की मला आणखीच राग आला.

"तोडायला आलास ना झाडं?"

"राखायला! नवी योजना आहे. जंगल उभं ठेवलं तर त्याचा मोबदला गावाला मिळणार, रान राखणाऱ्या बायकांना बारमाही काम मिळणार. त्यासाठीच मोजतोय. सोमवारी तपासणीवाले येतील. आकडे नसले, तर हे रान योजनेतून बाद."

"आणि रंगवलीस कुणाला विचारून?"

"एडमंडकाकांना..."

"मामाला? रान माझ्या आईचं आहे!"

तो गोंधळलाच. सायलस त्याचं नाव, मलाइता बेटावरचा. त्यांच्याकडे जमीन बापाकडून येते, म्हणून बिचारा पुरुषमाणूस शोधत गेला. अर्थात, 'बिचारा' हे मला फार नंतर सुचलं.

संध्याकाळी तो आईपुढे मान खाली घालून बसला. आई म्हणाली, "खरवडलंय हिल्डाने, आता मोजू लागेलही तीच. आणि रंग पिवळा घे रे."

मग चार दिवस आम्ही झाडांना मोजपट्टी गुंडाळत फिरलो. खोड जाड असलं की दोघांचे हात पलीकडे भेटायचे... आणि जरा जास्तच वेळ तिथे रेंगाळायचे.

"तुमच्याकडे म्हणे शंखांच्या माळा देऊन बायको नेतात?"

"नेतात. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे नवरा येतो. मुकाट्याने."

"अगदी मुकाट्याने? थोडंसं बोललेलं चालतं का—"

"आकडा लिही!" मी ओरडले. हसू मात्र फुटलंच.

सोमवारी तपासणीवाल्यांना यादीतलं एकेक झाड सापडलं. मग शहरातल्या साहेबांनी कागद काढला. मालकाच्या रकान्यात छापलेलं नाव — मामाचं! मामाने पेन उघडलंसुद्धा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. उद्या लाकूडवाले परत आले की हाच कागद नाचवून हा माणूस उरलेलं रानही देऊन टाकणार!

"हे नाव चुकलंय," सायलस म्हणाला. "चूक माझी आहे. मी भलत्याच माणसाला विचारलं."

"नाव बदललं तर कागद परत जाईल," साहेब खेकसले. "तीन महिने लागतील. तोवर तुझी नोकरीही बंद."

"जाऊ दे."

त्याने पेन घेतलं, नाव खोडलं आणि कागद आईपुढे सरकवला. आईने सावकाश, एकेक अक्षर गिरवत आपलं नाव लिहिलं. मामा तोंड फिरवून सुपारी चघळत राहिला.

साहेबांची बोट गेली. सायलस मात्र किनाऱ्यावरच उभा.

"तू नाही गेलास?"

"कुठे जाऊ... काम तर गेलं." मग माझी नजर चुकवत हळूच म्हणाला, "तुझ्या आईला विचारावं म्हणतोय... इथेच राहायला येऊ का म्हणून."

असा संताप आला मला! एवढं सगळं होऊनही अक्कल म्हणून नाही.

"आईला कशाला?" मी कडाडले. "रान तिचं आहे. नवरा माझा होणारेस — मला विचार!"