रविवार, मैना आणि डॉक्टर

मार्तंडला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचा अर्धा हात एका घोडीच्या तोंडात होता.

सावनेरचा बाजार, पौषातली सकाळ. माझे वडील – नागपुरातले वामनराव वकील – एका पांढुरक्या घोड्यापाशी उभे होते आणि सौदा जवळजवळ ठरला होता. घोडा इतका गरीब, की पोरं त्याच्या पोटाखालून इकडून तिकडे पळत होती.

"पाह्य शामला," बाबा म्हणाले, "गाय आहे गाय."

मी पाहतच होते. घोड्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या बसल्या होत्या आणि तो पापणीही हलवत नव्हता. मला ते काही बरं वाटेना. पण मला कधीच काही बरं वाटत नाही, असं नातेवाइकांत माझं नाव झालेलं. बी. ए. झालेली भित्री मुलगी... म्हणून गप्प राहिले.

खरं तर भ्यायला कारण होतं. दिवाळीच्या आधी आमचा जुना घोडा लोहापुलाखाली बिथरला. वरून रेल्वे धडधडत गेली, तो उधळला आणि टांगा उलटला. बाबांच्या खांद्याचं हाड नुकतं कुठे जुळलं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. स्कूटर घ्या म्हटलं की बाबा असे बघत, जणू मी त्यांना पक्ष बदलायला सांगते आहे. टांगाच हवा होता त्यांना. घोड्यांवर त्यांचा भारी जीव. पारख मात्र मुळीच नाही.

"काका, थोडं थांबता काय?"

पलीकडच्या घोडीच्या तोंडातला हात काढून, तो पँटला पुसत एक उंच तरुण आमच्याकडे आला.

"हे घोडं शांत नाही. हे झोपून राहिलं आहे. सकाळीच कोणी तरी याले भांग चारली."

व्यापारी तडकला. "तू कोण गा मोठा?"

"जनावराचा डॉक्टर. सरकारी आहो, मले काही घाई नाही. दुपारलोक इथंच बसतो."

तो खरोखरच बसला. दुपारी तेच गरीब घोडं खुंटा उपटून शेजारच्या बैलबंडीवर लाथा झाडायला लागलं, तेव्हा बाबांचा हात आपोआप खांद्याकडे गेला.

मार्तंड मात्र माझ्याकडे बघत होता.

"तुमच्या ध्यानात आलं होतं."

"माश्या..." मी म्हटलं. "हाकलत नव्हता तो."

"मग बोलल्या काहून नाही?"

"सगळे म्हणतात, मी उगीच भिते."

"भितात ते डोळे मिटून घेतात," तो म्हणाला. "तुम्ही तर पाहून राहिल्या होत्या."

इतकंच बोलणं. पण परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि पाटणसावंगी कधी मागे गेलं ते कळलंच नाही.

मग रविवार सुरू झाले. बाबांनी जाहीर केलं होतं, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय घोडं घ्यायचं नाही. मार्तंडचा दवाखाना नागपुरातच होता; दर रविवारी तो सायकलवर यायचा आणि आम्ही तिघं कुठे ना कुठे जनावर बघायला जायचो. तो बघायचा, मी बघायचे. बाबा मालकाशी गप्पा मारायचे.

एकदा इतवारीत एक पांढरंशुभ्र घोडं पाहिलं. दातांवरून चांगलं म्हातारं होतं ते. पण बाबा त्याच्या रंगावरच भाळलेले.

"हे नका घेऊ," मार्तंड मला हळूच म्हणाला. "याले धुता धुता घरच्या बाईचा जन्म जाईल."

"कोणत्या बाईचा?"

"जी घरात असेल तिचा."

"मी घरात कुठे असणार आहे... अमरावतीचे लोक यायचेत मला बघायला. मुलगा इंजिनिअर आहे."

त्याने घोड्याचा आधीच घट्ट असलेला पट्टा आणखी एक घर ओढला.

"कधी?"

"टांग्याला घोडा मिळाला की. पाहुण्यांना स्टेशनवरून रिक्षात आणणार नाहीत बाबा."

तो "हं" म्हणाला. घोड्याची कानशिलं खाजवत पुन्हा एकदा म्हणाला – "हं..."

पुढच्या रविवारी जरीपटक्याला गेलो. तिथल्या एका कापडवाल्याने मोटार घेतली होती, त्याची तांबूस घोडी विकायची होती. मार्तंडने तिला दुडक्या चालीने पळवायला सांगितलं आणि तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"डोळे मिटा. नुसतं ऐका. पाय दुखत असला तर ठेका मोडते."

मी डोळे मिटले. ऊन पापण्यांवर लाल झालं.

"मिटले?"

"हो."

"बरं झालं. आता मलेही जरा पाहता येते."

"घोडीकडे?"

थोडा वेळ नुसत्याच टापा.

"...घोडीकडेही."

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमतच नव्हती. टप टप, टप टप... कुठेही न चुकणारा, नेमका ठेका. अजूनही दुपारी माझी लेक तारा झोपली आणि रस्त्यावरून एखादा टांगा गेला, की माझ्या हातातली विणकामाची सुई थांबते. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करता करता मी डोळे मिटून घेते. आता टांगे कमी झालेत. पण तो ठेका ऐकला की पापण्यांवर तेच ऊन येतं.

त्या दिवशी बाबांनी खिशात हात घातला होता. तेवढ्यात मार्तंड म्हणाला, "काका, हिच्या मागच्या उजव्या पायात कसर वाटते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घोडीकडे पाहिलं.

"असेल," मी म्हणाले.

त्यानंतर एकही घोडं पसंतीला उतरेना. एकाची मान आखूड, दुसऱ्याची नजर चंचल. एक तट्टू तर केवळ 'मनमोकळं नाही' म्हणून परत गेलं. पळस फुलला, ऊन चढलं. बाबा सायकलरिक्षातून घामाघूम होऊन कोर्टातून परतू लागले. एका संध्याकाळी कोट खुंटीला अडकवताना ते म्हणाले, "आता पुरे झालं वं. येत्या रविवारी जे समोर येईल ते घेतो. डॉक्टर हो म्हणो का नाही म्हणो."

जे समोर येईल ते... आणि पुन्हा तोच पूल.

रविवारी दारात टाप वाजली. मार्तंड सायकलवर नव्हता. एका टांग्यावर बसून, हातात लगाम धरून आला होता. पुढे बदामी रंगाची एक घोडी.

"रामदासपेठच्या चंपतरावची मैना, काका. ते पुण्याले चालले लेकाकडे. लोहापुलाखालून नेऊन आणतो, मग बोलू."

"मीपण येते," मी म्हणाले.

बाबा चपापले. "तू? त्या पुलाखाली?"

"बघायला नको का कोणी?"

पुलाखाली टांगा उभा करून आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. सायकली जात होत्या, एक भाजीवाली आमच्याकडे वळून वळून बघत होती.

"भीती वाटते?"

"हो."

"मग उतरा."

"नाही."

गाडी आली. सगळा पूल घुमला, वरून माती केसांत पडली. मैनाने एकदा कान मागे-पुढे केले आणि ती नुसती उभी राहिली. शेवटचा डबा गेल्यावर मला दिसलं की माझा एक हात फळीवर होता आणि दुसऱ्याने त्याचं मनगट गच्च धरलं होतं. मी हात काढला नाही... त्यानेही हलवला नाही.

"घेऊन टाका हिले," तो म्हणाला. "काकाले अशीच पाहिजे. आणखी थांबवणं बरं नाही."

"डॉक्टर, जरीपटक्याच्या घोडीचा कोणता पाय दुखत होता?"

तो मैनाच्या पाठीकडे बघत राहिला.

"...कोणताच नाही."

"माहीत होतं मला."

"मग तेव्हा बोलल्या काहून नाही?"

"रविवार संपले असते."

त्याने मान वळवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, घोडं मध्ये नसताना, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"माझी बदली होत राहते, शामला. दवाखान्यामागं दोन खोल्या असतात. अंगाले जनावराचा वास येते, कितीबी साबण लावला तरी."

"सांगून राहिले, का भिववून राहिले?"

"खोडी सांगून राहिलो. घेणाऱ्याले आधीच सांगाव्या लागतात."

"अजून?"

"माय म्हणते, घोरतो मी."

"अजून?"

"बाकीच्या तुम्ही शोधसालच."

मी हसले. मैना कंटाळून स्वतःच चालू लागली.

बाबा फाटकातच उभे होते. मी उतरले. हे मलाच बोलायचं होतं.

"घोडी चांगली आहे, बाबा. घ्या. आणि अमरावतीला पत्र टाकू नका."

"काहून?"

मी मागे वळून टांग्याकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टांग्यापाशी लगाम धरून खाली मान घातलेल्या मार्तंडकडे. खूप वेळ.

"जनावराचा डॉक्टर?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"हो."

"अमरावतीवाल्याचा बंगला आहे वं."

"असू दे."

"वांगं घेतानाही तू दहादा उलटून पाहतेस. अन् हे एका फेरीत ठरवलंस?"

"एका फेरीत नाही, बाबा. हिवाळाभर पाहत होते."

बाबा मैनाच्या जवळ जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. खांदा अजून पुरता वर जात नव्हता, म्हणून तिनेच मान थोडी खाली केली.

एरवी दर रविवारी बाबा मार्तंडला चहा विचारायचे. तो घ्यायचा आणि सायकल काढायचा.

"डॉक्टर," त्या दिवशी बाबा म्हणाले, "घोडी सावलीत बांधा अन् पाय धुऊन आत या. शामलाले जेवणाची पानं मांडाले सांगतो."