पावणेआठ

इस्पितळांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. तिच्या फाटकाशी एक खिडकी आणि खिडकीत हजेरीबाबू. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, पाळीचे तास किती भरले, हा सगळा हिशेब त्याच्याकडे. पाळी आठ तासांची. पण कार्डावर मिनिटभर जरी उशिराचा शिक्का पडला, की बाबू सरळ पाव तास कापायचा. आठाचे झाले पावणेआठ. वरून तसा हुकूम होता म्हणा, पण बाबूला त्यात मजाही यायची, हे काही खोटं नाही. माघारी त्याला सगळे ‘पावणेसाहेब’ म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ते चक्क आवडायचं.

इस्त्रीवरची एक बाई रोज चार मिनिटं उशिरा यायची. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, कोरडी चादर घालायची आणि मग धावत सुटायचं. तास पूर्ण भरले तर तिला कामावर कायम करणार होते. ते काही भरत नव्हते.

एकदा सुटायच्या वेळी, भोंगा वाजत असतानाच, ती खिडकीशी थांबली.

“साहेब, उशीर चार मिनिटांचा, तुम्ही कापता पंधरा. मग वरची अकरा मिनिटं जातात तरी कुठं?”

मागची रांग कान देऊन ऐकू लागली. बाबूने रांगेकडे पाहून डोळा मिचकावला.

“कुठं जाणार? माझ्या घरी! पावणे म्हणून!”

हशा पिकला. पावणेआठातले पावणे आणि घरी येणारे पावणे, कोटी तशी बरी जमली होती. बाईसुद्धा हसली, पण मान खाली घालून. बाबूला ते हसू काही पचलं नाही. घरी जाताना त्याला लाज वाटत होती, आणि असल्या बारीकसारीक गोष्टीची लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही येत होता.

घर मागच्याच गल्लीत होतं. लाँड्रीचा भोंगा तिथवर ऐकू यायचा. दारातच बायको म्हणाली, “अहो, पावणे येऊन गेले.”

“कोण पावणे?”

“तुमच्या कामावरच्या बाई, इस्त्रीवर असतात म्हणाल्या. भोंगा वाजला आणि आल्याच. पाव तास आईंजवळ बसल्या. त्यांना कुशीवर वळवलं, चादर बदलली. किती मायेनं करत होत्या हो!”

भोंगा वाजला तेव्हा ती बाई त्याच्यासमोर उभी होती.

बाबूची आईही कित्येक महिने झोपूनच होती. तिचं सगळं बायको करायची. हा उंबऱ्यातून “बरी आहेस ना गं?” विचारायचा आणि उत्तर यायच्या आत वळायचा. आज तो आत गेला. आईखालची चादर परीटघडीची होती. त्याने हात लावून पाहिला. अजून कोमट होती. खोलीभर वाफेचा वास होता.

दुसऱ्या दिवशी त्याने तिघांचा पाव पाव तास कापला. हुकूम तो हुकूम. संध्याकाळी बायको लादी पुसत होती.

“आज तिघं होते. त्यातल्या एकाच्या बाह्या निथळत होत्या बघा. पण आई काय खुशीत आहेत!”

बाबूला खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाजच. लोकांच्या कापलेल्या वेळात आपल्या आईचं होतंय, आणि आपल्याला साधं तिच्या उशाशी टेकायला जमत नाही. बायकोला हे सांगणार कुठल्या तोंडाने?

शेवटी त्याने बाईला एकटीला गाठलं. “बाई, तुम्ही माझ्या घरी जाता का?”

“तुमचं घर मला कुठं ठाऊक, साहेब?” ती म्हणाली. “आमची आई परवा गेली. कापलेला पाव तास भरून काढायला मी थांबले होते. घरी पोचले तर शेजारीण म्हणाली, आत्ताच गेली. सारखी विचारत होती म्हणे, पोरगी आली का?”

बाबूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी त्याने एकाचंही कार्ड कापलं नाही. सगळ्यांचे आठच्या आठ. मग भोंग्याच्या पाव तास आधीच तो उठला. आज आईजवळ आपण बसायचं. निघता निघता सवयीने त्याने स्वतःच्या कार्डावर पावणेआठ लिहिले.

बायको स्वयंपाकघरात होती. तो थेट आईच्या खोलीत जाऊन उशाशी बसला, तिचा हात हातात घेतला. भोंगा वाजला.

“बसा हं,” आई म्हणाली. “दमला असाल.”

“आई, मी आहे.”

“हो हो. सगळे असंच म्हणतात बिचारे.” ती समजूतदारपणे हसली. “माझा मुलगा येईलच आता.”

त्याने बायकोला हाक मारली. ती लगबगीने आली आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“पाणी तरी घ्या. साहेब यायची वेळ झालीच आहे.”

त्याला ओरडायचं होतं. पण ती तोवर स्वयंपाकघरात परतलीही होती.

मग त्याने आईला कुशीवर वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिची हाडं हाताला लागली. त्याचे डोळे भरून आले.

“हात मऊ आहे हो तुमचा,” आई म्हणाली.

पाव तास होत आला. त्याचे गुडघे आपोआप उठायला लागले. तो खाटेची कड धरून बसून राहिला.

बाहेर कुलपात किल्ली फिरली.

“आलात?” बायकोचा आवाज आला. “पावणे निघतच होते.”

आईने दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

“आला बघा माझा मुलगा,” ती म्हणाली आणि त्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.