बिनदाराची खोली

विश्वास ठेवा अगर नका ठेवू, यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. माझ्या सुधामावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. साल १९८६, एप्रिल महिना. वर्ध्याजवळच्या आंजी गावाच्या पुढे नदीकाठी एक पडकं देऊळ होतं, तिथं.

मावशी वर्ध्याला शाळेत इतिहास शिकवायची. तीन वर्षं दर रविवारी जाऊन तिनं त्या देवळाचा एकेक दगड मोजला. तिचा कॉलेजचा मित्र माधव नागपूरच्या एका संस्थेत होता. तिथं कॉम्प्युटर होता.

"तू आकडे दे," तो म्हणाला होता, "मशीन कागदावर अख्खं देऊळ उभं करून देईल. नाव दोघांचं."

पेपरात छापून आलं...

फक्त माधवचं नाव.

मावशी रडली नाही. पेपर घेऊन तडक देवळाकडे गेली.

पेपरात छापलेल्या नकाशात गाभाऱ्यामागे एक खोली होती. एका माणसापुरती. चार भिंती, दार नाही.

ती तिनं कधी मोजलीच नव्हती.

भर दुपार. एकही पाखरू बोलत नव्हतं. तिनं त्या जागी जमिनीला कान लावला...

टक्. टक्. टक्.

आतून.

शेजारच्या वावरातले रूपराव धावत आले. "बाई, उठा! काऊन बसल्या तिथं? आमचे बुढे सांगत, देऊळ बांधणाऱ्या कारागिराले तिथं जित्ता चिणलं हाय. त्याच्याच सोबत्यानं."

आठ दिवसांनी माधव घरी आला. चेहरा पांढरा. नावाबद्दल एक शब्द नाही.

"सुधा, ती खोली तुझ्या आकड्यांत नाहीच गं. मी चारदा मशीन चालवलं, चारदा ती आली. आणि आता..." तो थांबला. "आता तिच्यात दोन माणसं मावतील. उद्या बघून येतो. तिथं काही धोका नाही ना?"

ती टकटक मावशीच्या अगदी ओठांवर आली होती.

"नाही," ती म्हणाली. "जा तू."

रूपरावांनी त्याला जाताना पाहिलं. परतताना कुणीच नाही.

गाभाऱ्यामागे त्याच्या चपला होत्या... नीट जोडून ठेवलेल्या. शेजारी मोजायची फीत. तिचं टोक दगडांच्या फटीत गेलेलं. फटीत बोटही शिरत नव्हतं.

रूपरावांनी फीत ओढली.

आतून कुणीतरी उलट ओढली.

पोलिसांनी खणलं. बारा फूट नुसती काळी माती.

परवा मी मावशीला विचारलंच, "तू त्याला सांगितलं का नाहीस?"



"त्यानं फसवलं होतं रे मला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी... त्या दिवशी त्यानं विश्वासानं विचारलं होतं."

बस आंजीवरून जाते तेव्हा अजूनही मी खिडकी लावून घेतो.